औषधाच्या दुकानापाशी टेकलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बॅग आहे आणि मला चाके नाहीत. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचे सारे त्यामुळेच घडले.

माझा जन्म उंच डोंगरांतल्या कीतो शहरातल्या एका चामड्याच्या दुकानात झाला. गाय कोणाची होती, ते मला सांगण्यात आले नाही. तरुणपणी माझी फार वाहवा झाली. "काय शिवण आहे!" म्हणून लोक माझ्यावर हात फिरवत. मग चाकांच्या बॅगा निघाल्या आणि मी कपाटावर गेले. माझ्या पोटात जादाची कांबळी कोंबली गेली.

वर्षातून एकदा मात्र मला मान मिळे. आमच्याकडे वर्ष सरताना रिकामी बॅग घेऊन घराभोवतालच्या गल्ल्यांतून धावत फेरी मारली, की नव्या वर्षी प्रवास घडतो. माझ्या मालकीण सोइलाबाई न चुकता धावत. प्रवास बहुधा भाजीबाजारापर्यंतच घडे.

एका खेपेला कोपऱ्यावर शेजारी सरत्या वर्षाचा भुसा भरलेला बाहुला जाळत होते. रस्ता बंद. बाई मागच्या गल्लीने वळल्या. औषधाच्या दुकानापाशी हात दुखला, म्हणून मला खाली टेकवून त्यांनी दम खाल्ला आणि उशिरा घरी पोचल्या.

आणि खरोखरच प्रवास आला. दूरच्या कुएन्का शहरात भाचीच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला. धर्ममाता म्हणून सोइलाबाई. पाद्रीबाबा त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावी निघणार होते, आणि धर्ममातेशिवाय विधी होत नाही.

बाईंचा भाचा एदिसन विमान कंपनीत विमानांचे मार्ग आखतो. बाईंचे तिकीट त्याच्या नोकरीवर फुकट मिळालेले. विमानतळावर तो मान खाली घालून आला.

"मावशी, ज्वालामुखी राख ओकतोय. सरळ वाट बंद केलीय. समुद्राकडून वळसा घालायचा म्हणजे इंधन जास्त लागणार. आपलं शहर एवढं उंचावर, हवा विरळ. वजन वाढलं की विमान उठत नाही. काही जणांना मागं ठेवावं लागेल."

"मग ठेव की."

"फुकट तिकीटवाले आधी."

"तुझी दुपटी मी धुतलीत, एदिसन."

"ती वजनात धरत नाहीत, मावशी."

बाई माझ्यावर बसल्या. माझी एक शिवण उसवली, पण ती वेळ बोलण्याची नव्हती.

"चूक माझीच आहे," बाई रांगेला म्हणाल्या, आणि त्यांनी फेरीची सगळी हकिकत सांगितली. कोणी हसले नाही. हसण्यासारखे होते तरी काय?

"कोपरा बंद, म्हणून मागच्या गल्लीने गेलात," दातांचे एक डॉक्टर विचार करत म्हणाले. "म्हणजे समुद्राकडून. बरोबर आहे. घरी पोचलात ना?"

"पोचले. पण मध्ये बॅग खाली टेकवली. हिला चाकं नाहीत."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "मग विमानही मध्ये टेकणार."

रांगेने माझ्याकडे रागाने पाहिले. एदिसन मात्र जागच्या जागी थांबला.

"ग्वायाकिल," तो पुटपुटला. "वाटेवरच आहे, आणि समुद्रसपाटीला. इथून थोडंच इंधन घ्यायचं, बाकीचं तिथं उतरून भरायचं. कुणालाच मागं ठेवायला नको."

तो साहेबांना फोन करायला पळाला.

"औषधाच्या दुकानाचं सांग त्यांना," बाई मागून म्हणाल्या.

त्याने ते सांगितले की नाही, मला माहीत नाही. विमान ग्वायाकिलला टेकले, दम खाल्ला, पुन्हा उठले. चर्चच्या दारात पाद्रीबाबा टोपी घालून उभे होते. त्यांनी ती काढली. बाळाने बाईंच्या अंगावर दूध ओकले, म्हणजे विधी नीट पार पडला.

आता वर्ष सरत आले, की एदिसन गल्लीत घरोघर जाऊन विचारतो, "तुमचा बाहुला कुठल्या कोपऱ्यावर जाळणार?" मग तो मावशीला वाट आखून देतो आणि आणखी एक वाट राखून ठेवतो. औषधवाला आपणहून खुर्ची मांडतो. त्याचा मुलगा परदेशी असतो, त्याचेही विमान कधी इकडे टेकावे म्हणून.

मित्रांनो, आम्हा जुन्या बॅगांना टाकू नका. आमच्यात भलतीसलती कांबळी कोंबू नका. हात दुखला, तर आम्हाला जरूर खाली ठेवा, आम्हाला राग नाही. फक्त जागा तेवढी सपाट बघा. पुढेमागे तिथे विमान उतरायचे असते.