जयदेवची कॅसेट

"काशे, ऐक ऐक, आता आमचा प्रेस येतो!" म्हणत ह्यांनी टेपच्या आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. धाड, धाड, धाड! फळीवरची भांडी थरथरली. मी म्हटलं, "दिवसभर अंबरनाथला कंपनीत तोच पत्रे ठोकणारा प्रेस, घरी पण तोच? कान आहेत की नाहीत तुम्हाला!"

जयदेव ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. बदलापूर गावातली बेंजो पार्टी त्याचीच. प्रत्येक हळदीला तीच ती गाणी वाजवून तो विटला होता. म्हणून त्याने ठेका धरणारं एक मशीन आणलं, आमच्या धवलारीण बनूबाई लग्नात देवांना बोलवायला गातात तो धवला टेप केला, आणि त्याखाली प्रेसचा दणका घातला. तो दणका ह्यांनीच पिशवीत टेप लपवून कंपनीतून आणलेला. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराने विकायला दिलेली कॅसेट ऐकून परत केली. "भाई, ये गाना है की झगडा?" ह्यांना मात्र तिचं येड लागलं होतं.

पुतणीच्या, चिमीच्या हळदीला ह्यांनीच जयदेवला गळ घातली, "तुझी कॅसेट लाव. ऐकू दे गावाला."

पहिला दणका बसला आणि नाचणारी पोरं थांबली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. एकट्या बनूबाई उठल्या, पदर खोचला आणि स्वतःच्याच आवाजावर नाचायला लागल्या. खरं सांगते, माझेही पाय हलत होते.

तेवढ्यात मोठे दीर दौलतराव ओरडले, "हरिचंद्र! देवाचा धवला हाय तो! मांडव हाय का कंपनी? बंद कर!"

जयदेवने ह्यांच्याकडे बघितलं. 'दादा, वाजू दे' एवढंच तर ह्यांनी म्हणायचं होतं! पण हे खाली बघून म्हणाले, "जयदेव, नेहमीचंच लाव रं."

जयदेवने गुमान कॅसेट काढली. बनूबाई बिचाऱ्या खाली बसल्या.

पुढे त्याने मशीन विकलं, बेंजो विकला आणि रिक्षा घेतली. रस्त्यात भेटला तर हसायचा, पण आमच्या घरी येणं बंद झालं. हे रोज ती कॅसेट लावायचे, आवाज बारीक करून, टेपला कान चिकटवून. माझा जीव जळायचा. "तेव्हा तोंडाला काय झालं होतं?" विचारलं की आवाज अजून बारीक करायचे.

बऱ्याच वर्षांनी जयदेव लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाही टेप चालूच होता. हे बंद करायला धावले.

"ऱ्हाऊ दे. वाढव जरा," जयदेव म्हणाला.

ह्यांनी बटण शेवटापर्यंत फिरवलं. दणका फुसका आला, बनूबाईंचा आवाज घोगरा. जयदेवने कॅसेट काढून उजेडात धरली.

"पट्टी पार झिजली रं, हरी. इतकी वाजवलीस?"

मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "भावजी, हळदीला वाजवायला कोण?"

"कुळगावची पार्टी सांगितलीय, वयनी," पत्रिका माझ्या हातात देत तो म्हणाला. "नेहमीचंच वाजवतात."