जव्हारला राहिलेली ओटी

ठाण्याच्या खोपट स्टँडवर एसटीत बसल्यावर अंतराने आईच्या पिशवीत डोकावून पाहिलं. नारळ, खण, तांदूळ.

"आई, आपण जव्हार बघायला चाललोय की देवीची ओटी भरायला?"

"गंगुबाईंची," उत्तराबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

विक्रमगड मागे पडलं, घाट लागला, दोन्ही अंगांनी साग दाटला, तशी त्यांची जीभ सैल झाली. चाळीस वर्षांपूर्वी हरिहररावांची जव्हारच्या कचेरीत बदली झाली आणि त्या तिथे आल्या, तेव्हा स्वयंपाकाच्या नावाने शंखच होता. शेजारच्या गंगुबाईंनी स्टोव्ह पेटवण्यापासून सगळं शिकवलं. अंतराच्या वेळचे डोहाळेही त्यांनीच पुरवले. पुढे ठाण्याला बदली झाली, निरोपाला आळीतल्या बायकांनी उत्तराबाईंची ओटी भरली. गंगुबाई विधवा, म्हणून मागच्या दाराशीच थांबल्या. उत्तराबाईंनी ते पाहिलं आणि मान वळवली. लोक काय म्हणतील, हा आपल्याकडचा जुनाच आजार. त्याला औषध नाही.

हरिहरराव जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात टेंभी नाक्याला भाचीच्या डोहाळजेवणात कुणीसं गोड आवाजात म्हणालं, "उत्तराताई, तुम्ही बसा हो निवांत." त्या रात्रभर जाग्या होत्या. गंगुबाई असतील ना अजून, एवढाच घोर लागला होता.

जव्हारची हवा तशीच गार होती. राजवाड्याकडे जाणारा रस्ता, उतरती कौलं, सगळं बघून उत्तराबाईंना भरून आलं. आणि गंगुबाई होत्या! ऐंशीच्या घरातल्या, ओसरीवर नाचणी पाखडत बसलेल्या.

"कचेरीतल्या हरिभाऊंची उत्तरा ना गं तू?" मग त्यांची नजर कपाळावर गेली. "अरे देवा. कधी?"

उत्तराबाईंनी पिशवी उघडली. नारळ काढला. "पदर पुढे करा."

"येडी का काय! माझी ओटी?"

"त्या दिवशी तुम्हाला बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं. चुकले मी."

गंगुबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "मला वाटायचं, पोरीनं मला बघितलंच नाही. गर्दी होती ना. म्हणूनच मी राग येऊ दिला नाही."

"बघितलं होतं."

गंगुबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. अंतराला वाटलं, आता उठून आत जातात. त्यांनी सूप बाजूला सारलं, डोक्यावरून पदर घेतला आणि त्याचं टोक दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"मग भर," त्या म्हणाल्या, "आणि हात कापू देऊ नकोस."

तरी निम्मे तांदूळ ओसरीवर सांडले.