आठ चौकोन

साडेनऊला लावलेलं व्हिडिओचं कन्व्हर्जन साडेअकराला चौतीस टक्क्यांवर रेंगाळत होतं. संचिताने पुन्हा घड्याळ पाहिलं. दुपारी तीनला ठाण्याच्या कोर्टात तिच्या पप्पांच्या जामिनाची सुनावणी होती, आणि मोहन्याच्या घरून ठाणे गाठायलाच दोन तास. या वेगाने काम साडेतीनला संपलं असतं.

पप्पा, म्हणजे रिक्षावाले तानाजी, दोन दिवस कोठडीत होते. शहाडच्या पुलाखाली एका आजोबांना रिक्षाने उडवलं, कुणीतरी नंबराचे शेवटचे आकडे सांगितले आणि ते नेमके पप्पांच्या रिक्षाशी जुळले. पप्पा जीव तोडून सांगत होते, त्या वेळी मी खडकपाड्याला एका सोसायटीच्या गेटसमोर उभा होतो. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज मिळालं, पण ते अशा भलत्या फॉरमॅटमध्ये, की सोसायटीबाहेरच्या कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडेना; म्हणून संचिता ते साध्या फॉरमॅटमध्ये बदलत होती. वकील मंदाकिनीबाईंनी फोनवर बजावलं होतं, "त्या दिवसाची सबंध सकाळ सलग हवी. मधला तुकडा कापून आणलास तर उरलेलं लपवलं म्हणतील. आणि आज जमलं नाही तर पुढे चार दिवस कोर्टाला सुट्टी आहे."

चार दिवस. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर न घेतल्या तर पप्पांना घेरी येते, आणि त्या गोळ्या इथे, तिच्या टेबलावर पडल्या होत्या.

तिने डोंबिवलीच्या अनिमेषला फोन लावला. कॉलेजातला मित्र, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"टास्क मॅनेजर उघड. सीपीयूचा आलेख कोरनुसार लाव. चौकोन किती दिसतात?"

"एकच."

"तुझा आठ कोरचा आहे ना, म्हणजे एकदम आठ हातांनी काम करणारा? मग आठ दिसायला पाहिजेत. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? विंडोजलाच कोणीतरी सांगून ठेवलंय, एकच कोर वापर म्हणून."

त्या 'कोणीतरी'वर संचिताला एकदम आठवलं. ते कोणीतरी तीच होती.

एप्रिलमधली गोष्ट. ती वाढदिवसांचे व्हिडिओ करून द्यायची, तेव्हा पंखा जोरात घोंघावायचा. पप्पांनी एकदा कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "तापतंय गं हे. त्याला पण दम खाऊ दे." यंत्र तापलेलं त्या माणसाला बघवायचंच नाही. रिक्षा म्हणजे त्यांची दुसरी लेक, आणि खरं सांगायचं तर जास्त लाडकी. रोज त्यांची भुणभुण ऐकून वैतागलेल्या संचिताने शेवटी सेटिंगमध्ये जाऊन आठाचा एक केला. पंखा गप्प झाला, पप्पा खूष झाले आणि ती विसरून गेली. वाढदिवसाचा व्हिडिओ दोन दिवस उशिरा मिळाला म्हणून कुणाचं काय अडणार होतं?

"सेटिंग बदल आणि रीस्टार्ट कर," अनिमेष म्हणाला. "झालेलं काम मात्र जाईल. पहिल्यापासून चालवावं लागेल."

"आणि एवढ्या तापाने मशीनच बंद पडलं तर?"

"जुनं आहे. पडू शकतं."

सेटिंग बदलून तिने रीस्टार्ट दाबलं; पडदा काळा झाला तेव्हा तिला खरोखर वाटलं, आपण आपल्या हाताने पप्पांना आत ठेवलं. मशीन चालू व्हायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत तिने घरातल्या सगळ्या देवांना कामाला लावलं. मग आठ चौकोन दिसले. तिने कन्व्हर्जन सुरू केलं आणि आठही चौकोन वरपर्यंत भरले. पंखा किंचाळायला लागला. तिने डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन समोर ओढला आणि टक्क्यांकडे बघत बसली. एकोणसत्तरवर पडदा थिजला. काही सेकंदांनी सत्तर आलं. करपल्याचा वास सुटला होता, पण तिने काही बंद केलं नाही.

पाऊण वाजता फाइल पेनड्राइव्हवर उतरली. तिने पेनड्राइव्ह काढला, त्यानंतर मिनिटभरात मशीन आपोआप बंद पडलं. पुन्हा चालू होतंय का, हे बघायलाही ती थांबली नाही.

पप्पांच्या स्टँडवरचे कुंडलिककाका रिक्षा घेऊन खाली उभेच होते. बायपासच्या ट्रॅफिकमध्ये ती सारखी "काका, पळवा ना" म्हणत राहिली. अडीच वाजून गेल्यावर पोचले.

फुटेज मंदाकिनीबाईंच्या लॅपटॉपवर न्यायाधीशांसमोर चाललं. संचितानेही ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. पप्पांची रिक्षा गेटसमोर येते. नंबर स्वच्छ दिसतो. पप्पा उतरतात, मागचं झाकण उघडतात आणि इंजिनाला वर्तमानपत्राने वारा घालतात. चांगली वीस मिनिटं. अपघाताची वेळ त्या वीस मिनिटांत येऊन गेली होती.

जामीन मंजूर झाला. कागदावर सह्या होईपर्यंत पप्पा बाकावर बसून होते, दाढी वाढलेले, निम्मे झालेले. तिने गोळी आणि पाण्याची बाटली पुढे केली. गोळी गिळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"एवढ्या लवकर कसं केलंस गं? मशीन तापवलं नाहीस ना?"

सकाळपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा भरून आले.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "मध्ये मध्ये दम खाऊ दिला त्याला."