पितळी बुश

"पडला?" मागच्या बाकावरून विघ्नेशने विचारलं.

"नाय," सिप्रियन म्हणाला आणि त्याने गिअरचा दांडा पुन्हा ओढला. गाडीच्या पोटात कर्र झालं.

"पडला?" आता बाराही मुलं एका सुरात.

रोज सकाळी बावखलाच्या काठावर हा पाढा म्हटला जायचा. वटारचा तो रस्ता मार्थाबाईंच्या अंगणाशी संपत होता. पुढे बावखल. वाडी शिंपायला पाणी हवं म्हणून कुणा आज्या-पणज्यांनी खणलेलं तळं, भोवती केळी-नारळी, वर हिरवा तवंग, आणि खोली किती ते मार्थाबाईंनाही ठाऊक नाही. त्यांच्या भाडेकरूंची अश्लेषा इथे चढली की गाडी भरायची. मग रिव्हर्स टाकून मागे यायचं, वळायचं आणि आगाशीची शाळा गाठायची.

चौथ्या खेपेला रिव्हर्स बसला. मुलांनी टाळ्या पिटल्या. लहानग्यांना सांभाळायला दाराशी बसणाऱ्या सेलिननेही दोन टाळ्या वाजवून घेतल्या. नवऱ्याला टाळ्या मिळण्याचे प्रसंग तिच्या संसारात तसे बेताचेच होते.

ती जुनी मॅटाडोर बावीस वर्षं सिप्रियनच्या हाताखाली होती. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला आलेला तिचा दांडा पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा हलायचा. ही गाडी पळवणारा चोर अजून जन्माला यायचाय, असं गावात म्हणत. पहिला गिअर सापडेपर्यंत त्याला उजाडेल. सिप्रियन मात्र मागे वळून पोरांना दटावता दटावता गिअर टाकायचा. हाताला ठाऊक होतं, डोक्याला विचारायची गरज नव्हती. गेल्या पावसाळ्यापर्यंत हे असं होतं.

पावसाळा सरला आणि रिव्हर्स रुसला. मग दुसरा गिअर रुसला. "बुश झिजलेत," सिप्रियन म्हणायचा. बुश म्हणजे दांड्याच्या सांध्यात बसणारी बोटभर बांगडी. ती झिजली की दांडा सैरभैर होतो, एवढं सेलिनलाही आता पाठ झालं होतं. त्याच सुमाराला त्याच्या हातून चहाचा कप दोनदा निसटला. कपाला तेल लागलं होतं, म्हणाला. शर्टाची वरची गुंडी तो लावेनासा झाला. उकडतं, म्हणाला. चर्चमधल्या मिस्सेत डावा तळवा पुढे करून ख्रिस्तशरीराची प्रसादाची भाकर हातावर घ्यायचं सोडून तो पुन्हा जुन्या रीतीने जिभेवर घेऊ लागला, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "सेलिन, तुझा मानूस भाविक झाला गो." सेलिनला बरं वाटलं. दारू सुटत नाही ती माणसं देवाकडे वळतात. याला तर दारूही नव्हती, म्हणजे हे फुकटातच पडलं.

तिला एकच दिसत होतं. रोज सकाळी बावखलापाशी आपल्या माणसाच्या कपाळावर घाम येतो आणि बारा पोरं त्याची मजा बघतात.

दिवाळीच्या सुट्टीत सिप्रियन तीन दिवस चर्चच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला गेला. सेलिनने त्याच दिवशी गोखिवऱ्याहून दिनानाथ मिस्त्रीला बोलावून घेतलं. दिनानाथ मूळचा मालवणकडचा, हाताचा सच्चा आणि तोंडाचा फाटका. त्याने चावी घेतली, गाडीत बसला, दांडा दोनदा इकडेतिकडे हलवून पाहिला आणि तिसऱ्यांदा गाडी सरळ मागे घेतली.

"पडला?" सेलिनच्या तोंडून सवयीने गेलं.

"पडणार नाही तर काय? वहिनी, दांडा ढिला आहे, पण मेलेला नाही. माझ्याकडे याहून बेक्कार गाड्या येतात. आणि सिप्रियनचा हात म्हणजे… त्याला तर हा झोपेत पडायला पाहिजे."

"नाय पडत ना पन. चार चार वेळा करायला लागतं."

"कधीपासून?"

"पाऊस संपला तवापासून."

दिनानाथने तिच्याकडे पाहिलं. मग दांड्याकडे पाहिलं. "बुश असे एका पावसात जात नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही सांगता तर सगळंच बदलतो. लेथवर पितळी बुश काढतो, रॉड नवीन टाकतो, लोण्यासारखा करून देतो. पण एकदा त्याला विचारा तरी."

सेलिनने पाकिटातून पैसे काढून मोजायला घेतले. "करून टाका," ती म्हणाली. "त्याला बरं वाटंल."

रविवारी संध्याकाळी सिप्रियन परतला. सेलिनने त्याला पाणीसुद्धा दिलं नाही, थेट गाडीत नेऊन बसवलं. नवा दांडा काळाभोर होता आणि त्याच्या बुडाशी पितळ चमकत होतं. सिप्रियन बघत राहिला. मग त्याने उजवा हात आडवा नेऊन दांडा हलवला. पहिला, दुसरा, तिसरा. आवाज नाही, खडखड नाही.

"कसा हाय?"

"चांगला हाय." मग तो म्हणाला, "कोनी सांगितलं तुला?"

"कोनी कशाला सांगायला पायजे? माझे डोळे काय फुटले का?"

"नाय," तो म्हणाला. "तसं नाय."

बावीस वर्षं ज्या दांड्याच्या आवाजावर त्याने गाडी हाकली, तो दांडा आता मुका झाला होता, आणि घरी आलेला पाहुणा तिथेच मेला असावा तसा सिप्रियन त्याच्याकडे बघत होता. रात्री त्याने जेवणाला हात लावला नाही. सेलिनने ताट उचललं आणि मोरीशी उभी राहून म्हणाली, "सिप्रियन, तुझ्या हाताला काय होतं का?"

"मुंग्या येतात."

"कदी?"

"आता येत पन नाय."

तिने ताट खाली ठेवलं. "मग उद्या नको नेऊ गाडी."

"पोरं गेटाशी उभी राहतील. उद्याचा दिवस नेतो. सगळ्यांच्या घरी सांगतो. मग बगू."

एका दिवसाने काय होतंय, असं सेलिनला वाटलं. तिलाही तो एक दिवस हवा होता.

सोमवारी गाडी झोकात निघाली. गिअर निमूट पडत होते, पोरं हिरमुसली होती. "अंकल, आता मजा नाय आली," विघ्नेश म्हणाला. "पहिलेवाला भारी होता." बावखलापाशी अश्लेषा चढली, सेलिनने दार लावलं. सिप्रियनने डावा हात दांड्यावर ठेवला आणि ओढला.

"पडला?"

पूर्वी चुकला तर गाडी कर्र करून सांगायची. आता कुठलाही गिअर तितक्याच मुकाट्याने बसत होता. बोटांना खाच समजत नव्हती आणि कानांना सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"पडला," सिप्रियन म्हणाला आणि क्लच सोडला.

गाडीने पुढे झेप घेतली. समोरच्या काचेत केळीची पानं आली आणि मग नुसता हिरवा तवंग. सिप्रियनने अख्खं वजन ब्रेकवर टाकलं. पुढचं एक चाक काठावरून खाली उतरलं, नारळाच्या मुळांत रुतलं, आणि गाडी नाक खाली घालून थांबली. पाण्यात माती ढासळल्याचा आवाज तेवढा येत राहिला. बारा पोरांपैकी एकही रडलं नाही. सेलिनने मागचं दार उघडलं आणि एकेकाला काखेत धरून उतरवलं. शेवटची अश्लेषा. मग सिप्रियन उतरला.

मार्थाबाई अंगणातून धावत आल्या, त्यांच्यामागे अश्लेषाची आई, ओल्या हाताने. मार्थाबाईंनी छातीवर क्रूस काढला. "मेल्या, कालच गिअर बसवला ना? सेलिन सांगत होती मला. कोन तो गोखिवऱ्याचा? फसवला तुला त्याने. पोलिसात द्या त्याला."

"कोणता मिस्त्री?" अश्लेषाच्या आईने विचारलं. तिने मुलीला पोटाशी धरलं होतं. "नाव सांगा तुम्ही काका. माझे मिस्टर आज जातीलच तिथे."

सेलिनच्या ओठावर नाव आलं होतं. कुणालाही पटलं असतं. नवा गिअर, पहिला दिवस. वटार ते आगाशी कुणी दुसरा विचारच केला नसता. सिप्रियन ब्रेक दाबणारा देवमाणूस ठरला असता, दुसऱ्या कुठल्या गाडीवर त्याला लोकांनी बोलावलंही असतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो रुतलेल्या चाकाकडे बघत होता.

"गिअर चांगला हाय," सिप्रियन म्हणाला. "दिनानाथचं काम चोख हाय. हात माझा गेलाय. पावसाळ्यापासनं गेलाय. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?" अश्लेषाची आई म्हणाली. "आणि रोज माझी पोरगी बसवत होतात?"

"हो."

मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या वेळात पहिल्यांदा एका पोराला हुंदका फुटला.

सिप्रियनने चावी काढून मार्थाबाईंच्या ओट्यावर ठेवली. "ट्रॅक्टरवाल्याला बोलवा, तो ओढून काढील," म्हणाला. "ह्या पोरांना शाळेत सोडून येतो. चालत. मग एकेकाच्या घरी जातो. काय बोलायचं ते बोला मला." मग अश्लेषाच्या आईकडे वळला. "नसेल पाठवायची तर राहू दे."

त्या बाईने मुलीला आणखी जवळ ओढलं. राग तर होताच. पण आज मुलीची तोंडी परीक्षा होती, आणि दप्तर सेलिनच्या खांद्यावर होतं. "आंटी, तुम्ही आहात ना सोबत?" तिने विचारलं. सेलिनने मान हलवली.

आगाशीच्या रस्त्याला दोन-दोनची रांग लागली. पुढे सिप्रियन, मागे दप्तरांनी लादलेली सेलिन. समोरून एसटी आली की सिप्रियन उजवा हात उंच करून तिला थांबवायचा, आणि ड्रायव्हर त्याला ओळखून खिडकीतून विचारायचा, "काय रे, गाडी कुठं?" तो पुढे चालत राहायचा.

वळणावर सेलिनला दिसलं, अश्लेषा रांग सोडून पुढे गेली आहे आणि तिने सिप्रियनचा डावा हात धरलाय. दोन्ही हातांनी, घट्ट. तो सरळ पुढे बघत चालला होता. एक वाडी गेली, दुसरी गेली. शाळेचं छप्पर दिसू लागलं तेव्हा त्याने मागची रांग मोजायला मान वळवली, खाली पाहिलं, आणि तेव्हा त्याला कळलं की कुणीतरी आपला हात धरलाय.