पायमशीन आणि पस्तीस दिवस

आईच्या छातीत तीन वर्षं दुखत होतं आणि तीन वर्षं ती "गॅस आहे" म्हणून आमच्या तोंडाला पानं पुसत होती. एका शर्टाची पहिली बाही जोडताना पायमशीनवरच ती पांढरीफटक पडली, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. शिरा फार बारीक, स्टेंट बसणार नाही, बायपासही झेपणार नाही, असं कळल्यावर मी हातपायच गाळले. पाय मारावे लागू नयेत म्हणून मशीनला लावायची मोटर मी आणली, ती आईने खोक्यातून बाहेरसुद्धा काढली नाही.

"पाय चालले तर शिवीन. नाहीतर मशीन कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना देऊन टाकते," ती म्हणाली. तसा शब्दही देऊन आली.

मग डॉक्टरांनी वेगळाच उपचार सुचवला. कापाकापी नाही, भूल नाही. पायांना पट्टे बांधायचे, ते हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे हवेने फुगून रक्त वर ढकलणार. रोज एक तास, पस्तीस दिवस. मला तर उड्याच माराव्याशा वाटल्या!

पहिल्याच दिवशी घोटाळा. पट्टे धपधप आवळायला लागले आणि आईचे पाय पायडल मारायला लागले. पडद्यावरची ठोक्यांची रेघ विस्कटली, यंत्र बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"मावशी, पाय हलवू नका हो!" यंत्रावरची मुलगी काकुळतीला आली.

"मी कुठे हलवतेय? चाळीस वर्षांची सवय आहे ती."

तीन दिवस मी तिच्या पायांचे अंगठे धरून बसले. चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. "आई, हे मोटरवर चालतं! तुझे पाय नकोयत त्याला!"

"मग आधी नाही का सांगायचं?" म्हणत तिने पाय सैल सोडले.

विसाव्या दिवशी ती दवाखान्याचा जिना न थांबता चढली. धाप लागली ती मलाच!

छत्तिसाव्या दिवशी सकाळी ती तो अर्धवट शर्ट घेऊन मशीनवर बसली. छातीत दुखलंच तर जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत धरून मी शेजारी उभी. पहिली बाही पुरी झाली, दुसरीही झाली. बाजूच्या शिवणी झाल्या. चेहरा तसाच, घाम नाही, हात छातीकडे नाही. माझंच काळीज धडधडत होतं.

तेवढ्यात शिंपीणबाई दारात. "मशीन उचलायला माणूस आणलाय."

आईने मान वर केली नाही, पायही थांबवले नाहीत. "ते खोकं न्या. कोरी मोटर आहे."

मी हमसून हमसून रडायला लागले.

"रडतेस काय?" शर्ट माझ्या अंगावर फेकत आई म्हणाली, "बटणं कोण लावणार?"