म चा ग

धाकटीला जोडाक्षरं वाचता यायला लागली आणि घरात कौतुकाला नुसता ऊत आला. बाबा तर दुकानात चपलांना टाके घालता घालता येईल त्या गिऱ्हाइकाला ही बातमी ऐकवायचे. ताईची मात्र पंचाईत झाली. आई गेल्यापासून गेले आठ महिने गोष्टी तीच वाचून दाखवत होती, आणि त्याही बिनदिक्कत फिरवून. गोष्टीत कुणाची आई मेली की ताई तिला खडखडीत बरी करायची, लांबच्या बहिणीकडे पाठवायची, नाहीतर सरळ दोन पानं उलटून मोकळी व्हायची. सहा वर्षांच्या पोरीला पत्ताही लागत नव्हता. निदान ताईला तसं वाटत होतं.

ताई पंधरा वर्षांची. शाळेत दोनदा वर्गाबाहेर काढलेली, मैत्रिणींशी अबोला धरलेली, कुणी "कशी आहेस?" विचारलं तरी अंगावर धावून जाणारी. आपलं काय व्हायचं ते होवो, पण धाकटीच्या गोष्टींत कुणाची आई मरता कामा नये, हे तिने डोक्यात घेतलं होतं. वेडेपणाच तो. पण तिच्या जागी आपण असतो तर कोणतं शहाणपण पाजळलं असतं?

शेवटी ती ब्लेड घेऊन वाचनालयाच्या बालविभागात जाऊन बसली. युक्ती साधी होती. 'मेली'तल्या म ची मधली आडवी रेघ अलगद खरवडली की ग उरतो. गेलेलं माणूस परत येऊ शकतं, एवढाच तिचा हिशोब. तीन दुपारी मान मोडून तिने अकरा पुस्तकं उरकली. बाराव्याला ग्रंथपाल बाईंनी तिचं मनगट धरलं.

"हे काय चाललंय?"

"लहान मुलांच्या पुस्तकात आयांना कशाला मारता?" ताई इतक्या जोरात ओरडली की पेपर वाचणाऱ्यांच्या माना वळल्या. "दुसरं काही सुचत नाही तुम्हाला?"

बाईंनी भिंतभर कपाटांकडे पाहिलं. "अगं, एवढी सगळी कधी खरवडणार तू?"

"सगळी खरवडीन!" ताई म्हणाली आणि तिथेच हमसून हमसून रडायला लागली. कपाटं तिलाही दिसत होतीच की.

बाईंनी ब्लेड काढून घेतलं आणि कार्डही. ते बारावं पुस्तक मात्र तिच्या हातात दिलं. "हे तर वायाच गेलं. घरी ने."

घरी धाकटी दारातच बसली होती. तिने पुस्तकावर झडप घातली आणि अक्षराला बोट लावून वाचायला लागली. तिसऱ्या पानावर ती अडखळली.

"त्या... दिवशी... पाडसाची... आई... गेली." बोट तिथेच थांबलं. "आपल्या आईसारखी."

"नाही गं, ही नुसती बाहेर गेलीय. येईल परत."

"नाही येणार." धाकटी शाळेतल्या बाईंच्या थाटात समजावू लागली. "मुंगी मेली म्हणतात. उंदीर मेला म्हणतात. आई मेली नाही म्हणत, आई गेली म्हणतात. मावशी तसंच म्हणाली. बाबापण."

ताईने त्या खरवडलेल्या अक्षरावरून बोट फिरवलं. आठ महिने या घरात हाच शब्द घुमत होता, आणि तिने तो स्वतःच्या हाताने बारा पुस्तकांत लिहून ठेवला होता.

"पुढचं तू वाच ना," धाकटी तिला बिलगली. "तू वाचलंस की सगळ्यांच्या आया परत येतात."

"तुला... माहीत होतं?"

"हो. तू खोटं वाचतेस. तरी वाच."

ताईने पुस्तक हातात घेतलं. "मग पाडसाची आई..." तिने पुन्हा सुरुवात केली. "मग एक दिवस पाडसाची आई..." पुढचा 'आली' हा एवढासा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना.

धाकटीने बराच वेळ वाट पाहिली. मग तिने पुस्तक हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"राहू दे, ताई," ती म्हणाली. "मीच वाचते." आणि तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.