मुम्मूच्या कार्डावरचा जावई

वेन लाहतीचं दिवाळं बर्फाने काढलं. पडून नव्हे, न पडून. आमच्या या उत्तर मिशिगनात अर्धं वर्ष माणूस फावड्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाही. अशा मुलखात स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्यांचं, दुकान काढून ते बुडवायचं म्हणजे नशीब चांगलंच फुटकं लागतं. वेनचं तसं होतं. लागोपाठ दोन हिवाळे गवत हिरवंगार राहिलं, दुकानातल्या चकचकीत गाड्यांवर धूळ बसली, आणि शेवटी त्याने कोर्टात जाऊन हात वर केले. पुढच्याच वर्षी बर्फ असं कोसळलं की शाळेच्या खिडक्या बुजल्या. आता याला काय म्हणायचं? गावातले लोक म्हणाले, "वेन, ते बिचारं तू दुकान बंद करायचीच वाट बघत होतं रे!"

दिवाळं निघाल्याचं रडू एकदा रडून संपतं. संपत नाही ती त्यानंतरची कटकट. जुन्या बँकेने खातं बंद केलं, दुसरीने उघडायला नकार दिला. वेन लाकडाच्या वखारीत कामाला लागला खरा, पण पगाराचा चेक वटवायला त्याला दारूच्या दुकानात जावं लागे. तिथला माणूस आधी कमिशन कापून घेई आणि वर विचारी, "आज काही घेणार नाहीस का?" घर गेलं, गाडी गेली. बायको मार्लिस शाळेची बस चालवायची, म्हणून चूल तरी पेटत होती. आणि ती पेटत होती सासूच्या घरात, कारण दोघं आता सासूच्या तळघरात राहत होती.

सासूचं नाव हेल्मी रांता, पण सगळा गाव तिला मुम्मू म्हणे. फिनलंडकडच्या आमच्या लोकांत आजीला तेच म्हणतात. ऐंशी ओलांडली तरी बाई काठीसारखी ताठ. दुकानातून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालणारी. कुणाचं देणं तारखेच्या पुढे गेलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आता तसला माणूस रोज तिच्याच टेबलाशी जेवत होता. बोलायची नाही फारसं. पण बटाट्याची ताटली वेनकडे सरकवताना "घ्या जावईबापू, याचे हप्ते नाहीत" एवढं म्हटल्याशिवाय तिला घास उतरत नसे.

शेवटी वेन गावातल्या पतसंस्थेत गेला. कर्जाच्या टेबलावर डार्ला बसते, ती शाळेत त्याच्या मागच्या बाकावर असायची. तिने त्याला खातं उघडून दिलं आणि म्हणाली, "आता एक कार्ड घे. तीनशे डॉलर आमच्याकडे ठेव, तेवढ्याचंच कार्ड मिळेल. वापरायचं आणि महिन्याच्या महिन्याला भरायचं."

"थांब. म्हणजे माझे पैसे मी तुमच्याकडे ठेवायचे, आणि माझेच पैसे तुमच्याकडून उसने घ्यायचे?"

"हो."

"आणि भरायला उशीर झाला तर माझ्याच पैशांवर तुम्हाला व्याज?"

"बघ, हुशार आहेस. शाळेत उगीच मागे पडायचास."

वेनने कार्ड घेतलं. त्याच्यावर तो फक्त सासूच्या गाडीत पेट्रोल भरी, आणि बिल यायच्या आधीच ते फेडायला धावे. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, वेन तर पाणीसुद्धा फुंकायला लागला होता.

अशातच वसंतात रुडी कंगासने बातमी फोडली. रुडी म्हणजे गावाचा बर्फ सारणारा. पुढे भलंमोठं पातं लावलेला ट्रक घेऊन तो पहाटेपासून लोकांच्या दारापुढच्या वाटा मोकळ्या करी. आता त्याचे गुडघे गेले होते. "ऑक्टोबर संपला की मी ॲरिझोनाला," त्याने वेनला सांगितलं. "ट्रक, पातं आणि माझी सगळी गिऱ्हाइकं, एकगठ्ठा विकतोय. तू घे. बर्फाने तुला बुडवलं, बर्फच वर काढील. पण पैसे मी निघायच्या आधी हवेत हं. नाहीतर हॉटन गावचा एक पोरगा तयार बसलाय."

वेनला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुन्हा स्वतःचा धंदा! तळघरातून वर यायचं, दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, मार्लिसला खिडकीतून आभाळ दिसेल असं स्वयंपाकघर द्यायचं. तो कर्ज मागायला धावत डार्लाकडे गेला. डार्लाने कंप्युटर पाहिला आणि ओठ दाबले.

"तुझा क्रेडिट स्कोअर कमी पडतोय रे. थोडाच, पण पडतोय. घरात कुणाचं जुनं, स्वच्छ कार्ड आहे का? त्यावर तुझं नाव चढवलं, तर त्यांचा चांगुलपणा तुझ्याही नावावर दिसतो. नियमात बसतं हे."

घरात जुनं आणि स्वच्छ असं एकच होतं. मुम्मूचं.

मार्लिस म्हणाली, "मी विचारू का आईला?" वेन म्हणाला, "नको, मार खायचाच तर मीच खातो." मुम्मू वेलदोड्याचा पाव कापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सुरी पुसली आणि खाली ठेवली.

"म्हणजे माझं नाव तुला उसनं हवंय."

"हो, मुम्मू."

"कार्ड तुझ्या नावाचं येईल, पण राहील माझ्या पर्समध्ये."

"चालेल."

"आणि शनिवारी सौनाची न्हाणी तापवायची लाकडं तू फोडायचीस."

"ती मी आत्ताही फोडतो, मुम्मू."

"मग बारीक फोड."

झालं. उन्हाळाभर वेनचा स्कोअर चढत गेला. चढला तो चढला, पण त्याबरोबर मुम्मूही चढली. रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला ती बायकांना सांगे, "आमचा वेन सध्या माझ्या नावावर चाललाय." ते तिथून वखारीत पोचायला सोमवारही उजाडावा लागला नाही. "काय रे मुम्मूच्या कार्डावरच्या जावया," लोक म्हणत, "सासूने आज किती खर्चायला दिले?" वेन हसून साजरं करी. पण आत कुठेतरी टोचायचंच. जे काही चढतंय ते म्हातारीच्या पुण्याईने चढतंय, आपलं त्यात शून्य, असं त्याला मनोमन पटलेलं होतं. आणि पटलेल्या गोष्टीवर चिडता येत नाही, हे आणखीनच वाईट.

सप्टेंबरात एके दिवशी तो घरी आला तर छपरावर माणसं! जुने पत्रे अंगणात, नवे हिरवे वर ठोकणं चाललेलं. मुम्मू खाली कंबरेवर हात ठेवून मुकादमाच्या थाटात उभी.

"मुम्मू, हे काय?"

"छप्पर. कधी पाहिलं नाहीस?" मग तिने त्याला बाजूला ओढलं. "पैसे बाजूला ठेवलेलेच होते. चेक देणार होते. मग म्हटलं, कार्डावर घेऊ! एवढी मोठी रक्कम घेतली आणि तारखेला सगळी चुकती केली, की ते लोक तोंडात बोट घालतील. तुझा आकडा बघ कुठे जातो ते."

आणि खरं सांगतो, वेनलाही ते पटलं. का पटू नये? जो जास्त घेतो आणि सगळं फेडतो तो जास्त भरवशाचा, असंच तुम्ही-आम्ही म्हणू ना? त्याला भरूनसुद्धा आलं. एरवी टोमण्याशिवाय न बोलणाऱ्या बाईने त्याच्यासाठी छप्पर कार्डावर घेतलं होतं. त्या शनिवारी त्याने लाकडं इतकी बारीक फोडली की ती काड्यापेटीत मावली असती.

ऑक्टोबर लागताच तो कर्जाचा अर्ज द्यायला निघाला, तर मुम्मू चर्चला जायचा कोट घालून दारात हजर. "मीही येते. माझ्या नावाने काय काम केलंय ते मला बघू दे." ती डार्लासमोर पर्स मांडीवर घेऊन अशी बसली की जणू बक्षीस समारंभच आहे.

डार्लाने पडद्याकडे पाहिलं. मग वेनकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"वेन, काय केलंस तू? धाडकन खाली आलाय."

"मी? मी काही नाही केलं!"

"कार्ड मर्यादेच्या काठोकाठ भरलंय."

"ते छप्पर आहे," मुम्मू अभिमानाने म्हणाली. "मीच घातलं. तारखेला सगळे पैसे देणार आहे."

"हेल्मीकाकू," डार्लाने कपाळाला हात लावला, "तारीख यायच्या आत कार्डवाले किती थकलंय तो आकडा कळवून मोकळे होतात. कंप्युटरला काय माहीत तुमच्याकडे पैसे आहेत ते? त्याला वाटतं, माणूस बुडतोय आणि हाताला लागेल ते धरतोय."

"आणि माझा आकडा?"

"तुमचाही आलाय खाली. बराच."

मुम्मूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जन्मात कुणी तिला कमी मार्क दिले नव्हते. "माझा? अगं, माझा नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा मी बिल भरून आले होते! आणि छप्पर घातलं म्हणून मी उडाणटप्पू? बोलाव तुझ्या त्या कंप्युटरच्या मालकाला!"

"काकू, आजच्या आज पैसे भरले तरी नवा आकडा यायला महिना-दीड महिना जाईल."

"तोवर रुडी गेलेला असेल," वेन म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डार्ला जरा घुटमळली. "एक रस्ता आहे. काकूंच्या कार्डावरून तुझं नाव काढायचं. ते लवकर होतं, आणि मग त्या छपराचा तुझ्याशी संबंध उरत नाही. पण काकूंचा चांगुलपणाही त्याबरोबर जाईल. उरेल ते तुझं एकट्याचं, आणि ते किती असेल ते मलाही सांगता येत नाही."

मुम्मू पर्सच्या कडीशी चाळा करत होती. "म्हणजे माझं नाव त्याला जड झालं," ती हळूच म्हणाली.

टोमणे वेनला सोसवत होते, हे सोसवेना. "राहू दे, मुम्मू. मरू दे तो ट्रक. तुमचं नाव काढून मला काही नको. चला घरी."

"गप बस," मुम्मू म्हणाली. "डार्ला, तो फोन इकडे दे."

कार्डाच्या कंपनीत तिकडे कुणीतरी कोवळ्या आवाजाची पोरगी होती. मुम्मू फोनवर ओरडूनच बोलते, लांबचा गाव आहे ना. "जावयाचं नाव काढायचंय... नाही गं, त्याने चोरी नाही केली... भांडणही नाही. कारण? कारण मी उधळी बाई आहे आणि त्याला माझी संगत नको!... हो, तसंच लिही." फोन ठेवला, चेकबुक काढलं आणि छपराचे सगळे पैसे जागच्या जागी चुकते करायच्या तयारीला लागली. तो खाली आलेला आकडा तिला एक रात्रही घरात नको होता.

पुढचे दोन आठवडे वेनचे कसे गेले ते त्याला विचारू नका, मार्लिसला विचारा. ती म्हणते, तो दाढी करताना आरशाशी बोलायचा.

मग डार्लाचा फोन आला. "बसलायस का? जेवढा लागतो त्याच्या थोडा वर आहेस. आणि ऐक, हा सगळा तुझा आहे. ते पेट्रोलचं भरत बसायचास ना, त्याचा. यात कुणाचं काही मिसळलेलं नाही."

वेन तळघराच्या जिन्यावर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मार्लिसला वाटलं, कर्ज नाकारलं. ती त्याच्या शेजारी बसून पतसंस्थेला शिव्या घालायला लागली, आणि त्याला रडण्यातून "मिळालं, मिळालं" एवढंही धड बोलता येईना.

रुडी किल्ल्या देऊन ॲरिझोनाला गेला. नोव्हेंबरच्या शेवटी बर्फ पडलं, कंबरभर. वेनने गाव मोकळा केला आणि सगळ्यांत शेवटी मुम्मूच्या दारी ट्रक आणला, पातं टेकवलं, वाट अशी घासून काढली की खालची खडी दिसली. मुम्मू बूट घालून बाहेर आली.

"किती झाले?"

"काय मुम्मू, तुमच्याकडून घेऊ होय? अजून तुमच्याच घरात राहतोय मी."

"घर वेगळं, धंदा वेगळा. रुडीने कधी फुकट केलं नाही, मी कधी करून घेतलं नाही. आकडा सांग."

त्याने सांगितला. मुम्मूने पर्स उघडली, आत पाहिलं, आणि पुन्हा बंद केली. ती बाजूच्या बर्फाच्या ढिगाकडे बघत बोलली. "छपरात सगळे गेले. पेन्शन तीन तारखेला येते." मग घसा साफ केला. "तोवर... उधार ठेवशील?"

एवढ्या वर्षांत वेनकडे कुणी उधार मागितलं नव्हतं. मागायचं काम नेहमी त्याचं. त्याने हातमोज्याने डोळे पुसले, ते थंडीने पाणावले असं तिला वाटावं म्हणून नाकही ओढलं.

"ठेवतो," तो म्हणाला. "पण मुम्मू, तीन म्हणजे तीन हं."

"तोंड सांभाळून बोल, जावईबापू," म्हणत ती घरात गेली, आणि आत जाऊन मार्लिसला म्हणाली, "अगं, त्याने मला उधार दिलं!"